फ्रेझर स्ट्रीटचा कोपरा

डेस क्वाँग ऑगस्टमध्ये गेला. डोक्यात रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. साठीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. व्हँकूव्हरमधल्या आर्किटेक्ट मंडळींत त्याला मान होता, त्यामुळे अंत्यविधीला गर्दी लोटली. जागा पुरेनात तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

मार्नी फेडोरुक बरीच मागे बसली होती. 'क्वाँग फेडोरुक' या फर्ममधली फेडोरुक ती. लोक पुढे जात होते, डेसच्या बायकोला, इलेनला मिठी मारत होते, मुलीचा हात हातात घेत होते. मार्नीही रांगेत उभी राहिली. तिनं इलेनचा हात धरला, काहीतरी पुटपुटली आणि मागच्या माणसाला वाट करून दिली. जेवणाच्या हॉलमध्ये तिला डेसच्या दातांच्या डॉक्टरांशेजारी जागा मिळाली. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का?" ती म्हणाली, "हो, ऑफिसातली." निघताना दारात प्रत्येकाच्या हातावर पांढऱ्या पाकिटातली एक साखरेची गोळी ठेवत होते. ही चिनी रीत; घरी पोचायच्या आत ती खायची असते. मार्नीनं ती बसमध्ये खाल्ली आणि पाकीट घडी घालून खिशात ठेवलं.

त्या दोघांचं तसलं काही नव्हतं. लोकांना सुरुवातीला संशय यायचा, मग लोकांनाच कंटाळा यायचा. बावीस वर्षं ती दोघं मेन स्ट्रीटवरच्या एका खोलीत समोरासमोर बसली. रोज दुपारी एकत्र जेवली. भांडणं झाली, एकदा तर चार महिने ती फक्त चिठ्ठ्यांनी बोलत होती. तो शिंकायच्या आधी चष्मा काढतो हे तिला ठाऊक होतं, आणि ती खोटं बोलताना पेन्सिल खाली ठेवते हे त्याला. नवरा गेला तर बाई विधवा होते, बाप गेला तर माणूस पोरका होतो. पण या नात्याला नाव नव्हतं, आणि नाव नाही म्हटल्यावर त्याचं सुतकही नव्हतं. अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मार्नी सकाळी कामावर आली, दिवा लावला आणि तिघा गिऱ्हाइकांना फोन केले.

तिचं घर तसं रिकामंच होतं. ती मूळची सस्कॅचेवानची, गव्हाच्या मुलखातली. आईवडील गेले होते, एक भाऊ नाताळला फोन करायचा. लग्न झालं होतं, ते तिशीतच मोडलं. त्याचं दुःख कधीच सरलं होतं. खरं सांगायचं तर त्या सगळ्या काळात, आज काय झालं माहितेय का, असं म्हणायला समोर एक माणूस रोज होता, आणि तेवढं तिला पुरत होतं. पुरत होतं हे तिला तो गेल्यावर कळलं.

कामाची वाटणी सरळ होती. इमारतीचा आकार तो काढायचा आणि ती तो आकार उभा करायची. छताचं पाणी कुठून जाईल, आगीच्या वेळी माणसं कुठून उतरतील, विटेमागे हवा कुठून खेळेल, ते सगळं तिचं. डेस चारचौघांत म्हणायचा, "मार्नीला सुंदर सूर्यास्त दाखवा, ती विचारेल याचा निचरा कुठे होतो." लोक हसायचे, तीही हसायची. बोलण्याचं काम त्याचं. तो उभा राहिला की लोक ऐकत. ती दुसऱ्या खुर्चीवर बसायची आणि कोणी अवघड प्रश्न विचारला तर तो न वळता म्हणायचा, "हे मार्नी सांगेल."

तो गेला तेव्हा एकच मोठं काम हातात होतं. फ्रेझर स्ट्रीटवर, जिथे पूर्वी गाड्यांचे सायलेन्सर बदलून देणारं दुकान होतं, तिथे सहा मजल्यांची भाड्याच्या घरांची इमारत. खाली दुकानांचे गाळे, वर घरं, मागे गल्लीत सामान उतरवायची जागा. आमच्या शहरात असली इमारत बांधायची तर परवानगीच्या आधी नगरपालिका एका सल्लागार मंडळाचं मत घेते. मंडळावर बाहेरचे आर्किटेक्ट असतात, इंजिनियर असतात, बागांची आखणी करणारे असतात, पगार कोणालाच नसतो. टेबलावर मॉडेल ठेवायचं, भिंतीला नकाशे लावायचे, सांगायचं, प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग गप्प बसायचं आणि ते आपल्या इमारतीबद्दल आपसात काय बोलतात ते ऐकायचं. शेवटी हात वर होतात. एक तर पाठिंबा, नाहीतर पुन्हा घेऊन या. या बैठकीची तारीख नोव्हेंबरातली मिळाली होती. ती डेसनंच घेतलेली.

जागेचे मालक बेहरूझ तवक्कोली, मूळचे इराणचे, सप्टेंबरात ऑफिसात आले. सोबत पिस्त्याच्या मिठाईचा डबा. कोट काढायच्या आधी ते मार्नीसमोर उभे राहिले, हात छातीवर ठेवला आणि म्हणाले, "आमच्यात म्हणतात, हे तुमचं शेवटचं दुःख असो."

तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. ती म्हणाली, "बसा ना."

ते बसले, चहा घेतला, डेसच्या दोन गोष्टी सांगितल्या. मग टेबलावरच्या मॉडेलकडे बोट केलं. "मार्नी-जान, एक विचारू? हा कोपरा."

इमारतीचा जो कोपरा चौकाकडे येत होता तिथे डेसनं खाच ठेवली होती. जमिनीपासून थेट छतापर्यंत, पावाचा एक उभा तुकडा कापून काढावा तशी. आत काही नव्हतं. बाल्कनी नाही, झाड नाही, दारही नाही. नुसती उभी रिकामी जागा.

"इथे प्रत्येक मजल्यावर माझी एक खोली जाते," तवक्कोली म्हणाले. "जाऊ दे, गेली तर गेली. पण कशासाठी गेली ते मला कळू दे."

"डेसनं तसं ठरवलं होतं."

"ते दिसतंय. कशासाठी?"

मार्नीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "बैठकीपर्यंत राहू द्या," ती म्हणाली. "मी सांगते."

तवक्कोलींनी मान डोलावली. जाताना दारात म्हणाले, "मी विचारलं तर चालून जातं. मंडळानं विचारलं तर उत्तर लागेल."

तिनं उत्तर शोधलं. डेसचे सगळे जुने आराखडे काढले. जूनच्या शेवटापर्यंत तो कोपरा सरळ होता, जुलैत खाच आली, आणि पुढे राहिली. मधे काय झालं ते कुठेच नव्हतं. जुलैत दोघं या इमारतीबद्दल जे बोलली ते सगळं ती आठवून बघायला लागली. लिफ्टबद्दल बोलली होती. विटेच्या रंगावरून वादही झाला होता. कोपऱ्याबद्दल तिनं एवढंच म्हटल्याचं आठवत होतं, की इथे वरून पाणी आलं तर जाळी लागेल. आणि तो हसला होता. मग ती दुपारची फ्रेझर स्ट्रीटवर जाऊन उभी राहिली. समोर व्हिएतनामी सूपचं दुकान, पोलिश खाटीक, बसथांबा, शाळेतून सुटलेली मुलं. खाचेतून ऊन येणार होतं असं म्हणावं तर दिशा चुकीची. डोंगर दिसणार होता म्हणावं तर मधे तारा आणि बँकेची पाटी. तिला काही दिसलं नाही. डेस उभा असता तर त्याला काय दिसलं असतं, याचाही अंदाज येईना, आणि याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शेवटी ती इलेनकडे गेली. अंत्यविधीनंतर दोघी भेटल्या नव्हत्या. इलेननं दार उघडलं, तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि चहा ओतला. जेवणाच्या टेबलाखाली डेसच्या कागदांची खोकी होती. इलेन म्हणाली, यातलं काय पाहिजे ते घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही. मार्नीनं खोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पिशवीतून नकाशा काढला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं.

इलेननं चष्मा लावून बघितलं. मग चष्मा काढला. "हे तू मला विचारतेस?"

"मला वाटलं, घरी कधी बोलला असेल."

"घरी?" इलेन हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मार्नी, घरी आला की तो मुकाच असायचा. मी विचारायची, आज काय केलंस? म्हणायचा, काही नाही, रेघा ओढल्या. मी इतकी वर्षं समजत होते की माणसाचं जे काय बोलणं असतं ते तो तुझ्यापाशी संपवून येतो."

"माझ्यापाशी तो जेवणाबद्दल बोलायचा," मार्नी म्हणाली. "आणि हॉकीबद्दल."

"फक्त?"

"फक्त. मला वाटायचं, मनातलं सगळं तो तुझ्याकडे बोलतो."

बाहेर शेजारी पानं उडवायचं मशीन चालू होतं. ते थांबल्यावर इलेन म्हणाली, "मला तुझा राग यायचा. तसला नाही, तसलं काही नाही ते मला पक्कं ठाऊक होतं. पण त्याचं सगळं बोलणं ही बाई खाते, असं वाटायचं."

"माझ्याकडे काही नाही गं, इलेन."

"हो, दिसतंय ते."

मग इलेननं विचारलं, शेवटच्या दिवशी त्यानं दुपारी काय खाल्लं. मार्नीनं सांगितलं, कोपऱ्यावरच्या बेकरीतला डुकराच्या मांसाचा पाव, तोही अर्धाच. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, असं इलेननं विचारलं. तो मला दिला, असं मार्नी म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटलं की हे सांगायला नको होतं. इलेन उठली, कप धुवायला लागली. पाठमोरीच म्हणाली, "बरं झालं आलीस." पण थांब असं काही म्हणाली नाही. मार्नीनं नकाशा गुंडाळला आणि निघाली.

बैठक नोव्हेंबरात, पावसाच्या दिवशी, नगरपालिकेच्या इमारतीत झाली. मॉडेल तिनं आणि तवक्कोलींनी मिळून आणलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. घोड्याच्या नालेसारख्या टेबलाभोवती मंडळ बसलं होतं. अध्यक्ष रोशेल ग्रँट नावाच्या बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी सुरुवातीलाच डेसच्या जाण्याबद्दल दोन शब्द बोलून दुःख व्यक्त केलं, सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मग त्या म्हणाल्या, "मिस फेडोरुक, सुरू करा."

मार्नी उभी राहिली. तिनं घरी आरशासमोर तयारी केली होती, पण बोलायला लागल्यावर ती आपसूक तिच्या वाटेनं गेली. छपराच्या उतारापासून सुरुवात केली. पाणी कसं उतरेल, गल्लीच्या बाजूचं तळघर कोरडं कसं राहील, गाळ्यांच्या वरचे छज्जे किती पुढे येतील म्हणजे बसची वाट बघणारा भिजणार नाही. हे सगळं बरोबर होतं. पण इमारत अशी का आहे याबद्दल तिच्या बोलण्यात एक वाक्य नव्हतं. मंडळाचे लोक सभ्यपणे ऐकत होते. एक जण मॉडेलभोवती फिरून आला आणि जागेवर बसला.

प्रश्न सुरू झाले. जिना मधे अंधारात का आहे? गच्चीवर कोण जाईल? मग टॉम इवासाकींनी हात वर केला. ते बागांची आखणी करणारे, वयस्कर, हळू आवाजात बोलणारे. ते म्हणाले, "मला या कोपऱ्याबद्दल ऐकायला आवडेल."

तवक्कोलींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. हे मार्नी सांगेल असं म्हणणारं पुढे कोणी नव्हतं. तिच्याकडे दोन-तीन तयार उत्तरं होती; इथे लोक क्षणभर थांबतील, इमारत चौकाला वाकून नमस्कार करते, असलं काहीतरी. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "मला माहीत नाही. तो ज्यानं काढला तो गेला. विचारायचं राहून गेलं."

इवासाकी म्हणाले, "ठीक आहे," आणि समोरच्या कागदावर काही लिहिलं.

मग त्यांची चर्चा झाली आणि ती खुर्चीवर बसून ऐकत राहिली. कोणी दुष्टपणे बोललं नाही. विटेचं कौतुक झालं, गाळ्यांचं झालं. पण अध्यक्षबाईंनी शेवटी सगळं एकत्र करून सांगितलं ते असं, की या इमारतीत दोन डोकी आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. जी व्यक्ती हे बांधणार आहे तिला हे का बांधायचं ते ठाऊक असायला हवं. हात वर झाले. पुन्हा घेऊन या.

तवक्कोलींनी तिला गाडीतून घरी सोडलं. वाटेत ते म्हणाले, "खोटं सांगता आलं असतं."

"काय सांगायचं होतं?"

"काहीही. इथे वारा येईल, आत्म्याला बरं वाटेल. आर्किटेक्ट लोक सांगतातच की."

"डेस सांगायचा."

"हो, आणि मी विश्वास ठेवायचो," तवक्कोली म्हणाले. ते हसले नाहीत, पण रागावलेलेही नव्हते. तिच्या दारापाशी गाडी थांबवून म्हणाले, "आता मला तुमची इमारत द्या, मार्नी-जान. त्यांची मला बांधता येणार नाही. ते नाहीत ना."

डिसेंबरभर ती त्या कोपऱ्याशी झगडली. तिथे बाक ठेवून बघितला. झाड लावून बघितलं. खालचे दोन मजले बुजवून वरचे मोकळे ठेवले. प्रत्येक वेळी आधी कारण यायचं आणि मग ते कारण खोटं आहे हे दिसायचं. ऑफिसात ती एकटीच असायची. कामापुरता एक ड्राफ्ट्समन होता, तो आपल्या घरून काम पाठवायचा. दुपारी ती डबा उघडायची आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून खिडकीशी उभ्यानं जेवायची. एकदा तिच्या लक्षात आलं की सकाळपासून तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही, तिनं स्वतःसुद्धा नाही. तिनं खिडकी उघडली आणि खालच्या फुलवालीला उगाच विचारलं, आज गारठा आहे ना? फुलवाली म्हणाली, "काय?" मार्नी म्हणाली, "काही नाही."

नाताळच्या सुट्टीत रस्ते ओस पडले तेव्हा तिनं लाकडाचा एक तुकडा घेतला. मॉडेलच्या मापाचा, उभा, निमुळता. तो घासला, खाचेत बसवून बघितला, पुन्हा घासला. मग गोंद लावला आणि तो तुकडा कोपऱ्यात बसवून अंगठ्यानं दाबून धरला. गोंद धरेपर्यंत सोडायचं नसतं. ती तशीच उभी राहिली. ऑगस्टपासून ती रडली नव्हती, ती तेव्हा रडली, आणि अंगठा मात्र तिनं हलवला नाही. जे आपल्याला कळत नाही ते लोकांच्या डोक्यावर उभं करायचं नाही, एवढं तिला कळलं होतं. हे कळून बरं वाटलं असं नाही.

त्यानंतर काम झरझर झालं. मधल्या अंधारातला जिना तिनं उचलून गल्लीच्या बाजूला नेला, त्याला प्रत्येक वळणावर खिडकी दिली. आणि कपडे धुण्याची खोली, जी डेस प्रत्येक इमारतीत तळघरात टाकायचा, ती तिनं सर्वांत वर गच्चीशेजारी ठेवली, मोठ्या खिडकीसह. ही तिची जुनी हौस. ती स्वतः भाड्याच्या घरात राहायची आणि तळघरात मशीनसमोर उभं राहून भिंत बघत बसण्याचा तिला कंटाळा होता. एकटा राहणारा माणूस आठवड्यातून एकदा तरी कपडे घेऊन खोलीबाहेर पडतोच, मग तिथे उजेड असावा आणि बसायला जागा असावी, असं तिचं म्हणणं. डेस म्हणायचा, "पेंटहाउसच्या जागी चड्ड्या वाळत घालणार तू." आता म्हणायला कोणी नव्हतं. तिनं ती रेघ ओढली आणि थोडा वेळ वाट बघितली, कोणी म्हणतंय का म्हणून.

दुसरी बैठक फेब्रुवारीत झाली. या वेळी तिनं पाण्यापासून सुरुवात केली नाही. इथे कोण राहील, ते सांगितलं. फ्रेझर स्ट्रीटवर खोली भाड्यानं घेणारी नर्स, रात्रपाळीचा स्वयंपाकी, घटस्फोट झालेला मास्तर. ते दारातून कसे आत येतील, जिन्यात त्यांना कोण भेटेल, रविवारी ते वर कपडे घेऊन गेले तर काय दिसेल. ती छान बोलली असं नाही, दोनदा अडखळली. पण बोलत होती ती स्वतःच.

इवासाकी म्हणाले, "कोपरा बुजवलात."

"हो."

"कारण?"

"तो मला कळला नाही. हे बाकीचं मला कळतं."

हात वर झाले. सगळे झाले, एक सोडून. इवासाकींचा हात टेबलावरच राहिला. पाठिंबा मिळाला होता, एका हातानं काही बिघडत नव्हतं. तवक्कोलींनी तिचे दोन्ही हात धरून हलवले आणि बायकोला फोन करायला बाहेर पळाले.

नकाशे गुंडाळून झाल्यावर इवासाकी तिला बाहेरच्या व्हरांड्यात भेटले. हातात ओली छत्री होती. ते म्हणाले, "तुमची इमारत चांगली आहे. वर मशीनं ठेवलीत ते तर फारच बरं केलंत. राग मानू नका."

"मग हात का नाही?"

त्यांनी जरा विचार केला. "मला तो कोपरा आवडला होता."

"का?"

"का ते नाही सांगता यायचं," इवासाकी म्हणाले. "आवडला होता, बस. कदाचित त्यालाही नुसताच आवडला असेल." ते तिला नमस्कार करून जिना उतरले.

मार्नी तिथेच उभी राहिली. इतके महिने तिनं धरून चाललं होतं की कारण आहे आणि ते कोणाकडे तरी आहे, तिच्याकडे नाही एवढंच. मुळात कारणच नसेल, ही शक्यता तिनं धरली नव्हती. तिनं आत वळून टेबलावरच्या मॉडेलकडे बघितलं. बुजवलेला तुकडा बाकीच्या लाकडापेक्षा थोडा उजळ होता. आता तो काढायचा म्हटला तर अख्खी बाजू मोडली असती.

इमारत उभी राहायला दोन वर्षं लागली. भाडेकरू यायला लागले तशी एके दिवशी इलेनचा फोन आला, बघायला येऊ का म्हणून. दोघी फ्रेझर स्ट्रीटवर भेटल्या. उन्हं होती. खाली एक गाळा चष्म्यांच्या दुकानाला गेला होता, एकात फिलिपिनो बेकरी सुरू झाली होती. मार्नीनं तिला सगळं दाखवलं. जिना चढवला, गच्चीवर नेलं. वरच्या खोलीत दोन मशीनं चालू होती आणि एक मुलगी पाय वर घेऊन फोनवर बोलत होती. तिनं या दोघींकडे बघून मान हलवली आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

खाली आल्यावर इलेननं विचारलं, "यात डेसचं काय आहे?"

"खिडक्यांची उंची," मार्नी म्हणाली. "बसलेल्या माणसाला रस्ता दिसावा म्हणून तो खिडकी नेहमी खाली ओढायचा. आणि वीट. विटेवरून आम्ही भांडलो होतो, तो जिंकला."

इलेननं विटेवर हात फिरवला. मग चौकाकडे चालत गेली आणि चष्म्यांच्या दुकानासमोर थांबली. "कोपरा इथे होता का?"

"इथेच. वरपर्यंत."

"बुजवायच्या आधी मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, राहू दे."

"ठाऊक होतं मला," मार्नी म्हणाली. "म्हणून विचारलं नाही."

इलेन तिच्याकडे बघत राहिली. रागावली की काय ते कळेना. मग म्हणाली, "त्यानं मला एकही इमारत आणून दाखवली नव्हती. मी रस्त्यानं जाताना बघायची, ही त्याची असेल का म्हणून." थोड्या वेळानं म्हणाली की ती टोरंटोला चालली आहे, मुलीकडे, कायमची. घर विकलं. मार्नी म्हणाली, बरं होईल, नातवंडं आहेत. इलेन म्हणाली, हो, आहेत. त्यांनी एकमेकींना मिठी मारली. फोन करू, असं दोघींनी म्हटलं, आणि करणार नाही हे दोघींना दिसत होतं. टॅक्सी आली. इलेन मागच्या सीटवर बसली, खिडकी खाली केली. टॅक्सी किंग्जवेकडे वळली.

मार्नीला बर्नबीला जायचं होतं. दातांच्या दवाखान्याचं एक छोटं काम मिळालं होतं, नव्या मालकाला भेटायचं होतं. ती थांब्यावर आली. बस आली, बरीच रिकामी, ती खिडकीशी बसली. दोन थांबे गेले तेव्हा फोन वाजला. वीट पुरवणाऱ्या कंपनीतला कोणी नवा विक्रेता होता, उत्साहानं बोलत होता.

"मिस्टर क्वाँग आहेत का?"

"नाहीत."

"बरं. केव्हा भेटतील?"

मार्नीनं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "तुमचं काय काम आहे ते मला सांगा," ती म्हणाली, आणि तो सांगायला लागला.